चार तार मागे

परीक्षा जवळ आली की आमच्या कॉलेजात सगळ्यात आधी माठ बदलतात. वर्षभर व्हरांड्यातल्या गळक्या कूलरवर सगळ्यांचं भागतं, पण एप्रिल लागला की शिपाईकाका रिक्षातून चार नवे माठ आणतात, दोन दिवस नुसतेच भरून ठेवतात आणि तिसऱ्या दिवशी भिंतीवर सुपरव्हिजनचं वेळापत्रक लागतं. त्या माठांजवळून जाताना माझ्या बोटांची टोकं बधिर झाल्यासारखी वाटतात. खडू धरता येतो, सही करता येते, चहाचा कप भाजतो तेही कळतं. तरी वाटतं. नऊ वर्षं झाली, दर एप्रिलला वाटतं, आणि मे उजाडला की जातं.

मी मुलांना पेशी शिकवते. सुरतेत राहून कापड सोडून दुसरं काही शिकवणारी माणसं आहेत, त्यातली मी एक. वर्गात निम्म्याहून जास्त मुली गुजराती, उरलेल्या आमच्यासारख्या खानदेशातून आलेल्या कारागिरांच्या, आणि परीक्षेआधी सगळ्यांचा प्रश्न एकच असतो. "मॅडम, आ आयएमपी छे?" म्हणजे हे महत्त्वाचं आहे का, पेपरात येईल का. मी म्हणते, सगळंच महत्त्वाचं आहे. त्या हसतात. मास्तरीणबाईंनी असंच म्हणायचं असतं हे त्यांना ठाऊक आहे. पण एक प्रकरण मी दरवर्षी शिकवते आणि त्यावर प्रश्न मात्र कधीच काढत नाही. हुशार मुलींनी ते आता हेरलंय, त्या ते प्रकरण सरळ सोडून देतात.

प्रकरण असं आहे. पेशीची दुसरी पेशी व्हायची, तर आधी तिच्या केंद्रकातल्या डीएनएची नक्कल व्हावी लागते. दोन धागे एकमेकांपासून सुटत जातात आणि प्रत्येकाला जोडीचा नवा धागा तयार होत पुढे जातो. कुठे अडथळा आला, धागा खराब निघाला, की काम जागच्या जागी थांबतं. थांबलं की केंद्रकातली काही एन्झाइम तिथे येतात आणि नुकतीच तयार झालेली, अजून पुरती वाळलीही नाही अशी ती नवी नक्कल कुरतडायला लागतात. तिथे एक राखणदार प्रथिन असतं. ते नव्या धाग्याच्या टोकाशी आवरण घालून बसतं आणि म्हणतं, एवढं पुरे. राखणदार धड असेल तर थोडंसं खाल्लं जातं आणि काम पुन्हा सुरू होतं. राखणदारच बिघडलेला असेल तर ती एन्झाइम खात सुटतात. इतकंच. फळ्यावर पंधरा मिनिटांत होतं.

हे मी शिकले ते एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, आणि समजलं ते आप्पांच्या खात्यात. आप्पा म्हणजे माझे वडील. बत्तीस वर्षं लूमवर होते. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. पर्वत पाटियाच्या पुढे गल्लीत त्यांचं खातं होतं, पत्र्याचं, आत शिरलं की पहिल्यांदा कानांचा उपयोग संपायचा. आई त्यांचा डबा न्यायची, आई नसली की मी. कापडात आडवा तार तुटला की लूम थांबतो. नव्या पोराला वाटतं, तार जोडला, दांडा ओढला, झालं. तसं केलं तर त्या जागी कापडावर आडवी रेघ उमटते, ती रंगाई करूनही जात नाही, आणि अख्खा ताका दुय्यम मालात जातो. म्हणून जाणता कारागीर लूम थांबला की आधी मागे जातो. आत्ताच विणलेले चार तार सुईने उसवून काढतो, चांगले विणलेले, काही दोष नसलेले, आणि मग लूम चालू करतो. मी लहानपणी विचारलं होतं की चांगले तार का काढता. आप्पांनी ओठांनी सांगितलं, "थांबेल लूम सरळ चालू करानं नही. चार तार मांगे जानं, मंग पुढे."

ओठांनी सांगितलं, याचा अर्थ सांगायला हवा. खात्यात आवाज कुणाचाच पोचत नाही, त्यामुळे तिथले लोक आवाजाशिवाय बोलतात. नुसते ओठ हलवायचे, स्पष्ट, थोडे मोठे करून, आणि समोरच्याने ते वाचायचे. पन्नास फुटांवरून चहाची ऑर्डर जाते, टिंगल जाते, शिवीही जाते. पुढे आप्पांचे कान कायमचे गेले तेव्हा घरात फारसं काही बदललं नाही, कारण आम्ही त्यांच्याशी आधीपासून तसंच बोलत होतो. या बोलण्यात एकच अडचण असते. लांबड लावता येत नाही. बोलायचं ते थोडक्यात.

एमएस्सीच्या त्या वर्षी होळीच्या आसपास आईच्या छातीत गाठ निघाली आणि एप्रिलमध्ये माझी परीक्षा होती. ही दोन वाक्यं मी कुणालाही सांगते तेव्हा ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. त्यांना वाटतं, काय हाल झाले असतील. खरं सांगायचं तर हाल बिल काही झाले नाहीत. मला काही वाटतच नव्हतं. सकाळी पाचला उठायचे, आईच्या गोळ्या डबीत लावायचे, पाणी भरायचे, अभ्यासाला बसायचे, विसरत काही नव्हते. शेजारच्या काकू दाराशी येऊन डोळ्यांना पदर लावायच्या, आणि मी त्यांना चहा विचारायचे. त्या वर्षी मी आमच्या बॅचमध्ये पहिली आले. कुणी म्हणालं, पोरगी खंबीर आहे. मी खंबीर नव्हते. माझ्या आत कुणी दांडा ढकलून सगळं थांबवलं होतं, आणि बाहेरून ते कुणाला कळत नव्हतं.

आईचं काम घरातच असायचं. खात्यातून, एम्ब्रॉयडरीवाल्याकडून साड्यांचे गठ्ठे यायचे, मागच्या बाजूचे सुटे धागे छोट्या कात्रीने कापून द्यायचे. गल्लीतल्या सगळ्या बायका हे करायच्या, पण आईचा हात वेगळा होता. ती धागा बघायची नाही, बोटाने शोधायची. बोलता बोलता बोट साडीवरून फिरायचं आणि कात्री चालायची. केमोच्या तिसऱ्या सलाइननंतर तिच्या बोटांची टोकं बधिर झाली. औषधाने होतं असं, डॉक्टर म्हणाले. तरी ती गठ्ठा घेऊन बसली, आणि संध्याकाळी बघितलं तर धाग्यासोबत साडीही कापली गेली होती, चार ठिकाणी. तिने ती साडी नीट घडी घालून बाजूला ठेवली आणि बोटं पंख्यासमोर धरून बसली. मी शेजारी बसून वाचत होते. मला दिसलं सगळं. मी पान उलटलं.

तिच्या तोंडाची चवही गेली होती. "तोंडले पितळनी चव लागस," म्हणायची. पाणीसुद्धा पितळेचं. मीनाताई, माझी मोठी बहीण, सुरतेबाहेर सचिन नावाच्या गावाला राहते, तिथे तिचा नवरा डाइंग मिलमध्ये आहे. ती दर आठवड्याला दोन बस बदलून यायची. एकदा बारडोलीहून ओळखीच्या ट्रॅक्टरवाल्याकडून उसाची मोळी घेऊन आली. बाहेरचा रस चालणार नाही, मग घरीच सोलून, गंडेऱ्या उकळत्या पाण्यात बुडवून काढून आईला दिल्या. आईने एक चघळली. आम्ही दोघी तिच्या तोंडाकडे बघत होतो. "गोड शे," ती म्हणाली. ताई खूश झाली. मला कळलं होतं की आई खोटं बोलतेय, कारण चोथा टाकताना तिने तोंड वाकडं केलं. उरलेला ऊस ताईची कोमल खात बसली. ती तेव्हा दहा वर्षांची होती.

आता तो कागद. आईच्या एका बहिणीला आणि आईच्या आत्यालाही हाच आजार होऊन गेला होता, म्हणून डॉक्टरांनी रक्ताची एक वेगळी तपासणी करायला लावली होती. तिचा रिपोर्ट माझ्या दुसऱ्या पेपरच्या आदल्या दिवशी आला. इंग्रजीत, चार पानी. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. लाइटबिलापासून लग्नपत्रिकेपर्यंत जे काही कागदावर छापून येई ते मी वाचायचं आणि घराला सांगायचं, हे मी आठवीत असल्यापासून ठरलेलं होतं. दुपारची वेळ. आप्पा जेवायला आले होते. आई खाटेवर पडून होती, भिंतीकडे तोंड करून, मला वाटलं झोपलीय. आप्पांनी ओठांनी विचारलं, काय लिखेल शे?

मी आईकडे पाठ केली आणि आप्पांकडे तोंड. आवाज करायचाच नव्हता. रिपोर्टात त्याच राखणदार प्रथिनाचं नाव होतं, ज्याच्यावर मी तीन दिवस नोट्स काढत होते. ते बनवणाऱ्या जीनमध्ये बिघाड आहे. मी ओठांनी सांगितलं की हे जन्मापासूनचं आहे, कुणाची चूक नाही. सांगितलं की या बिघाडामुळेच औषध चांगलं लागू पडेल, आणि ते खरंही होतं, कारण औषध नक्कल थांबवतं, गाठीत राखणदार नसतो, मग एन्झाइम गाठीचंच नवं डीएनए खाऊन टाकतात. ओठांनी एवढं सगळं थोडंच सांगता येतं? "दवा लागू पडी," एवढंच म्हटलं. आप्पांचा चेहरा उजळला.

मग मी शेवटच्या पानाची शेवटची ओळ वाचली. तिच्यात लिहिलं होतं की रुग्णाच्या मुलींनी ही तपासणी करून घ्यावी.

मी तोंड मिटलं. कागदाची घडी केली. आप्पांनी विचारलं, बस? मी मान हलवली, बस.

का गिळली मी ती ओळ? तेव्हा मी स्वतःला बरीच कारणं दिली. ताईची सासू कडक, सुनेच्या रक्तात काही आहे म्हटलं तर घर डोक्यावर घेईल. आईला कळलं तर ती स्वतःला दोष देईल. उद्या पेपर आहे, पेपरनंतर सांगू. मग व्हायवा आहे, व्हायवानंतर सांगू. खरं कारण फार साधं होतं. ताईला सांगितलं असतं तर मलाही तपासणी करावी लागली असती. मला भीती वाटत होती असंही नाही. भीती वाटली असती तर बरं झालं असतं, माणूस भीतीने तरी हलतो. मला काहीच वाटत नव्हतं, आणि ते तसंच राहावं एवढीच माझी इच्छा होती. रिपोर्ट मी त्या प्रकरणाच्या नोट्सच्या वहीत ठेवून दिला.

त्याच आठवड्यातली एक दुपार आहे. मी जमिनीवर पुस्तकं पसरून बसले होते. ताई आदल्या दिवशी आईला सलाइनला घेऊन गेली होती, माझा पेपर होता म्हणून. आई खाटेवरून बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "छायी, मनाकडथून तुले काय काय उनं वं?" माझ्याकडून तुझ्यात काय काय आलं. मी पुस्तकातून मान वर न करता म्हटलं, "तुझं नाक आलंय. आणि राग." आई हसली. खोकला येईपर्यंत हसली. मग तिने हात लांब करून माझ्या डोक्यावर ठेवला आणि केसांत बोटं फिरवत राहिली. बधिर बोटं, केस ओढले जात होते. मी म्हटलं, आई, वाचू दे.

व्हायवाला बाहेरून एक म्हातारे परीक्षक आले होते. खादीचा शर्ट, कानावर केस. सगळं विचारून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, जे एन्झाइम नवी कोरी नक्कल खाऊन टाकतं, ते पेशीने इतकी युगं सांभाळलंच कशाला? हाकलून का नाही दिलं? पुस्तकात याचं उत्तर होतं, मला पाठही होतं. पण तोंडातून निघालं ते लूमचं. थांबलेलं काम सरळ पुढे नेलं तर रेघ उमटते, म्हणून आधी थोडं मागे जावं लागतं, चांगलं विणलेलंही उसवावं लागतं. फक्त कुठे थांबायचं हे सांगणारं कुणी हवं. "तमारा पप्पा कारीगर छे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हा." "तो हवे मनेय समजायुं," ते म्हणाले, म्हणजे आता मलाही कळलं, आणि त्यांनी पैकीच्या पैकी मार्क दिले. घरी येताना मी पेढे घेतले. आईने पेढा तोंडात धरला आणि गोड आहे म्हणाली.

औषध खरंच लागू पडलं. पावसाळाभर गाठ वितळत गेली, आईचे केस परत आले, बाळाच्या जावळासारखे. नवरात्रात ती गल्लीत खुर्ची टाकून गरबा बघायला बसली. मग गाठ शहाणी झाली. असं होतं. पेशी राखणदाराशिवायही ती कुरतड टाळायला शिकतात, एन्झाइमना जवळच येऊ देत नाहीत, आणि मग तेच औषध पाण्यासारखं निघून जातं. हेही मी शिकवते. पुढच्या उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या आधी, गल्लीत मांजा सुतायला सुरुवात झाली होती तेव्हा, आई गेली. मी सगळे विधी केले, सगळे पाहुणे जेवू घातले. रडले की नाही ते आठवत नाही. ताई सांगते, नाही रडलीस.

आणि मग नऊ वर्षं गेली. एक ओळ सांगायची राहिली म्हणून नऊ वर्षं थांबत नाहीत. मला नोकरी लागली, आप्पा घरी बसले, खातं विकून तिथे गोडाऊन झालं. माझं लग्न झालं नाही. स्थळं फारशी आलीच नाहीत. मला वाटायचं, रंगाने काळी, डोक्याने जड, वर बाप बहिरा, कोण येणार? याचंही मला काही वाटलं नाही. दर एप्रिलला मात्र माठ यायचे, बोटं बधिर व्हायची, आणि मी ठरवायचे की पेपर संपले की सचिनला जायचं आणि ताईला सांगायचं. पेपर संपायचे.

या वर्षी कोमल माझ्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. परीक्षेपुरती ती आमच्याकडे राहायला आली, सचिनहून रोज येणं जमणारं नव्हतं. उंच झालीय, नाक आईचं. आप्पांशी अहिराणी, माझ्याशी हिंदी नाहीतर गुजराती, फोनवर नुसतं गुजराती, आणि मराठी फक्त देवासमोर. तिने अभ्यासाला म्हणून माझ्या जुन्या वह्या काढल्या. मी भाजी चिरत होते. आतून तिचा आवाज आला, "मासी, आ छेल्ली लाइन तें वांची छे?" ही शेवटची ओळ तू वाचली आहेस का.

मी आत गेले. तिच्या मांडीवर वही होती आणि हातात तो कागद, घड्यांवर पिवळा पडलेला. ती ओळ तिने मला मोठ्याने वाचून दाखवली, बोट ठेवून, जशी मी कधीकाळी घराला सगळं वाचून दाखवायचे. मग म्हणाली, "मम्मी ने कराया था ये टेस्ट? तूने?" मी म्हटलं, आधी उद्याच्या पेपरचं वाच. ती वाचायला लागली. गुणी पोरगी आहे. मी ओट्यापाशी परत आले आणि उभी राहिले. भेंडीची बोटाला लागलेली चिकटही मला कळत नव्हती. तिच्या नाकाकडे बघून मला पहिल्यांदा भीती वाटली. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

रविवारी सकाळी मी सचिनला गेले. बसमध्ये वाक्यं जुळवत होते. ताई दारातच बसली होती, मांडीवर साड्यांचा गठ्ठा, हातात छोटी कात्री. आईचंच काम ती आता करते, बोटाने धागा शोधत. लग्नानंतर तिची अहिराणी जालन्याच्या सासूने धुऊन काढलीय, पण रागावली किंवा रडू आलं की उरलेली वर येते. मी बसले, पाणी प्यायले आणि जुळवलेलं सगळं विसरून सरळ सांगून टाकलं. आईच्या रिपोर्टात एक ओळ होती, मी ती वाचून दाखवली नाही, कुणाला सांगितली नाही, तुझी तपासणी व्हायला हवी होती, माझ्यामुळे राहिली.

ताईने कात्री खाली ठेवली. "माझी झालीय," ती म्हणाली. "तेव्हाच. नाहीये माझ्यात."

मला काही उमजेना. ताई म्हणाली, "तुझा पेपर होता, मी आईला सलाइनला नेलं. तिथे आईने डॉक्टरणीला दवाखान्याच्या फाइलमधली रिपोर्टची कॉपी काढायला लावली. म्हणाली, शेवटची ओळ काय आहे तेवढं सांगा. त्यांनी सांगितलं. मी तिथल्या तिथे रक्त दिलं."

"पण आईला कसं कळलं शेवटची ओळ राहिलीय म्हणून? ती तर झोपली होती."

"लूमवाल्याची बायको ती," ताई म्हणाली. "जन्मभर खात्यात डबा नेला. तू पाठ केलीस तशी ती कुशीवर वळली, आणि आप्पांच्या मागे कपाट होतं ना? कपाटाला आरसा. तिने सगळं वाचलं. घरी येताना रिक्षात म्हणाली, 'छायीनी शेवटनी वळ गिळी टाकी. मी देखं.'"

कपाट अजून आमच्याकडे आहे. मी रोज त्या आरशात वेणी घालते.

"मग मला का नाही विचारलंत?" मी म्हटलं.

साडीवरून ताईचं बोट फिरत होतं, कात्री नसताना. "आम्हाला वाटलं, तू केली असशील. तू शिकलेली, तुला तर सगळ्यात आधी कळणार. केली असशील, आणि वाईट निघाली असेल, म्हणून बोलत नाहीस. मी माझी चांगली आल्याचं तुला कोणत्या तोंडाने सांगणार होते? आईने शपथ घातली. 'छायीले इचारू नको. तिले सांगानं व्हई तवय सांगी.' मी वाट बघितली गं. दर वर्षी वाट बघितली. स्थळं यायची, तीन तर चांगली होती, एक मास्तर होता नवापूरचा. मीच परत लावली. म्हटलं, तुला कुणासमोर हे बोलावं लागू नये." मग तिला रडू आलं आणि तिची अहिराणी वर आली. "माले वाटनं तू आते जाशी, मंग जाशी. नऊ सालपाईन माले वाटस." मी आज जाईन, उद्या जाईन, आईसारखी, असं तिला नऊ वर्षं वाटत होतं.

मी म्हटलं, "ताई, मी केलीच नाही."

"काय?"

"तपासणी. मी कधी केलीच नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. मग हातातली साडी माझ्या अंगावर फेकली, जोरात, आणि हसायला लागली आणि रडायला लागली, दोन्ही एकदम. मी तिच्यासमोर साडी अंगावर घेऊन बसून राहिले. माझ्या डोक्यात ती एकच दुपार होती. माझ्याकडून तुझ्यात काय काय आलं, असं तिने विचारलं होतं. सगळं माहीत असून, माझ्या तोंडून ऐकायला थांबली होती. आणि मी नाक म्हणाले. ती जी हसली, ते मला वाचवायला हसली. त्यानंतर नऊ महिने ती जगली, आणि मरेपर्यंत तिला वाटत होतं की आपण हे धाकटीला देऊन चाललोय.

थोड्या वेळाने ताईने तोंड धुतलं. "उद्याच जायचं," म्हणाली. "मी येते बरोबर."

"उद्या माझं सुपरव्हिजन आहे. परीक्षा संपू दे."

"तुझी परीक्षा कायमच असते," ताई म्हणाली आणि फोनवरून मला रजेचा अर्ज लिहायला लावला, तिच्या डोळ्यांदेखत.

सोमवारी रक्त दिलं. नर्सने विचारलं, दुखलं का? मी म्हटलं, हो. खरंच दुखलं होतं. रिपोर्टला तीन आठवडे लागतील. चांगला येईल की वाईट, निम्मी निम्मी शक्यता, हे मी वर्गात पाच वेळा सांगितलं असेल. आला की ताईसमोर फोडायचा आणि कोमललाही बसवायचं, असं ठरलंय. त्या प्रकरणावर यंदा मी पुरवणी परीक्षेच्या पेपरात एक प्रश्नही टाकलाय, मुली मला शिव्या देतील.

राहिले होते आप्पा. त्यांना मी अर्धाच रिपोर्ट सांगितला होता. ते पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, आणि समोर कपाटाच्या वर आईचा फोटो, तिने हट्टाने काढून घेतलेला, नवे केस आल्यानंतरचा. मी आप्पांना सांगायलाच उभी राहिले होते. पण तोंड फोटोकडे झालं. मी आवाज न करता, ओठ मोठे करून, स्पष्ट, थोडक्यात, जसं खात्यात बोलतात तसं म्हटलं, आई, मी तपासणी केलीच नव्हती. तू काही दिलंस की नाही, मलाच माहीत नव्हतं. एकदा म्हटलं, मग पुन्हा म्हटलं. खाली आरशात माझे ओठ हलताना दिसत होते.

मी आरसा अडवून उभी होते, आप्पांना माझी नुसती पाठ दिसत असणार. "आठे देख ना!" ते मागून ओरडले. "काय सांगी ऱ्हायनी तू?"

मी डोळे पुसले, त्यांच्याकडे वळले, आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, शेवटच्या ओळीसकट.